न्यायाचे दार कोणते?
तालुक्यातील तंटे आणि न्यायव्यवस्था : एक अभ्यास

जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे तालुक्याचे ठिकाण सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. कापसाची जुनी पेठ म्हणून ते खानदेशात परिचित असून, बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० साली येथेच झाला. तालुक्याच्या पूर्वेच्या अंगाने गिरणा नदी वाहते. शेती, नोकरी, व्यापार आणि नदी यांच्याशी येथील माणसाचे जीवन बांधलेले आहे आणि त्याचे बहुतेक तंटेही त्यांतूनच उद्भवतात. राज्यातील इतर तालुक्यांचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. म्हणूनच धरणगाव तालुका डोळ्यांसमोर ठेवून, निरनिराळे तंटे आपली न्यायव्यवस्था कसे हाताळते याचा विचार येथे केला आहे.

न्यायालय म्हणजे एकच एक जागा आहे आणि सत्य आपल्या बाजूला असले की तेथे न्याय मिळणारच, असा सर्वसामान्य माणसाचा समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे. कोणाचे म्हणणे खरे, हा प्रश्न न्यायासनासमोर येण्यापूर्वी आणखी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा तंटा ऐकण्याचा अधिकार या न्यायासनाला आहे काय? अर्ज मुदतीत आला आहे काय? आणि सांगितलेली हकिकत सिद्ध करणारा पुरावा आहे काय? या तीन उंबरठ्यांवर अडखळलेल्या कितीतरी खऱ्या तक्रारी आत पोहोचतच नाहीत. खेड्यातील माणूस वकिलाकडे जाण्याआधी ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, शाळेतील गुरुजी किंवा सरपंच यांचा सल्ला घेतो. त्यामुळे या मंडळींनी दिलेल्या पहिल्या सल्ल्याला फार मोठे मोल आहे.

तीन तंटे, तीन वाटा

विवेचनाच्या सोयीसाठी तीन काल्पनिक उदाहरणे घेऊ. समजा, तालुक्यातील एका गावी शेजाऱ्याने बांधावरचा गाडीरस्ता काटेरी कुंपण घालून बंद केला आणि वेचलेला कापूस शेतातून बाहेर काढणे अशक्य झाले. दुसऱ्या गावी खाजगी माध्यमिक शाळेतील एका शिक्षकाला संस्थेने चौकशीवाचून सेवामुक्त केले. तिसऱ्या गावी नदीपात्रातून बेसुमार वाळू उपसली गेल्यामुळे काठच्या विहिरींचे पाणी खोल गेले. तिन्ही ठिकाणी माणसावर अन्याय झाला आहे. परंतु तिघांची वाट एक नाही.

पहिला तंटा दोन व्यक्तींच्या हक्कांचा आहे. तो महसूल अधिकारी आणि दिवाणी न्यायालय यांच्या कक्षेत येतो. दुसरा सेवेच्या शर्तींचा असून त्यासाठी कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण नेमले आहे. तिसऱ्यात एका व्यक्तीचे नव्हे, तर साऱ्या गावाचे आणि निसर्गाचे नुकसान गुंतले आहे. म्हणून त्याची सुनावणी करणारे मंडळही निराळ्या धर्तीवर उभारलेले आहे. तिघांनीही एकाच नमुन्याचा अर्ज लिहून तो एकाच कचेरीत दिला, तर निदान दोघांचा बहुमोल काळ वाया जाईल.

शेतरस्त्याचा तंटा

शेतरस्त्याच्या बाबतीत दोन परिस्थितींत भेद करणे अगत्याचे आहे. वहिवाटीचा रस्ता पूर्वीपासून होता आणि तो कोणी अडविला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा अडथळा न करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र हा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. याउलट, शेतात जाण्यास रस्ताच उपलब्ध नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणे लगतच्या शेतांच्या बांधावरून रस्ता मागण्याचा अर्ज तहसीलदाराकडेच करावयाचा असतो. अधिकारी एकच असला तरी कायदा निराळा आणि सिद्ध करावयाची गोष्टही निराळी. पहिल्या अर्जात जुनी वहिवाट दाखवावी लागते, तर दुसऱ्यात रस्त्याची वाजवी गरज. अर्जात या दोहोंची सरमिसळ झाली की अर्जदाराची बाजू आपोआप लंगडी पडते.

तहसीलदाराच्या निर्णयाने जमिनीच्या मालकीचा प्रश्न सुटत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मालकी आणि हक्क यांचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयात होतो. कलम १४३ खालील निर्णयाने नाराज झालेल्या पक्षकाराला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावण्याची मुभा आहे. महसूल अधिकाऱ्यांपुढील कार्यवाही ही तातडीची मलमपट्टी आहे आणि दिवाणी दावा हा मुळापासून केलेला उपचार आहे, असे म्हणता येईल. पेरणी किंवा वेचणी तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला पहिलीची निकड असते; पिढ्यान् पिढ्यांचे भांडण मिटवावयाचे असेल तर दुसऱ्यावाचून गत्यंतर नसते.

मुदतीच्या बाबतीत कायदा अगदीच निष्ठुर नाही. मुदत अधिनियम, १९६३ याच्या कलम १४ नुसार, एखाद्याने सद्भावनेने आणि तत्परतेने चुकीच्या न्यायालयात खर्च केलेला काळ दाव्याची मुदत मोजताना वगळता येतो. तथापि ही सवलत तत्पर माणसासाठी आहे. कचेरीत अर्ज देऊन वर्षभर स्वस्थ बसणाऱ्याला तिचा आधार मिळत नाही.

नोकरी आणि व्यवसाय यांतील वाद

दुसऱ्या उदाहरणातील शिक्षकाकडे वळू. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ अन्वये बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती यांविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. विलंबाला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो क्षमापित करू शकते. परंतु त्या कृपेवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. अपील मान्य झाल्यास पुनःस्थापना आणि थकलेले वेतन देण्याचा आदेश होऊ शकतो.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला हा कायदा लागू नाही, कारण स्थानिक प्राधिकरणाची शाळा या कायद्याच्या अर्थाने खाजगी नव्हे. जिल्हा परिषद सेवकांसाठी १९६४ चे शिस्त आणि अपील नियम आहेत. राज्य शासनाच्या सेवकांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. ते १९९१ साली स्थापन झाले आणि तेथे जाण्यापूर्वी खात्यांतर्गत अपिलाचे मार्ग सामान्यतः संपवावे लागतात. एकाच गावात राहणाऱ्या आणि एकाच पेशाच्या दोन शिक्षकांची न्यायाची वाट अशा प्रकारे केवळ नेमणूक कोणाकडून झाली यावर ठरते. नेमणुकीचा आदेश जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळून येईल.

व्यवसायातील चुकीमुळे नुकसान झाले असता तीन स्वतंत्र मार्ग उपलब्ध असतात. डॉक्टरांच्या संदर्भात ते स्पष्ट होतात. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल शिक्षा व्हावी असे वाटत असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. आणि घोर निष्काळजीपणा असेल तर फौजदारी कायदा. परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते, पण रुग्णाच्या कुटुंबाला भरपाई देऊ शकत नाही. आयोग भरपाई देऊ शकतो, पण व्यवसायाचा परवाना काढून घेऊ शकत नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे तक्रारदाराने प्रथम स्वतःशी ठरविणे आवश्यक आहे.

दिवाणी दाव्याला किती काळ लागू शकतो याचे एक उदाहरण मराठवाड्यातच घडले. औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात १९६३ साली एका महिलेवर शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी पोटात कापड राहून गेले आणि पुढे तिचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाने दिवाणी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरविला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात कुटुंबाच्या बाजूने निकाल देऊन शासनाला जबाबदार धरले. पोटात कापड राहणे हाच निष्काळजीपणाचा बोलका पुरावा होय, ही त्या निर्णयामागील भूमिका होती. न्याय मिळाला, पण मृत्यू १९६३ चा आणि अखेरचा शब्द १९९६ चा!

हा विलंब टाळण्याच्या हेतूनेच ग्राहक संरक्षणाची यंत्रणा १९८६ च्या कायद्याने उभी राहिली. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा तिच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारे रुग्णालय मात्र तिच्याबाहेर राहते. वकिलाच्या सेवेला हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करावयाची असते. सध्या अमलात असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांत करावी लागते आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही ती करता येते. धरणगावच्या ग्राहकाने मुंबईच्या कंपनीविरुद्ध मुंबईस जाण्याची गरज आता उरलेली नाही.

गाव, गटार आणि नदी

तिसऱ्या प्रकारच्या तंट्यात पीडित एक नसून अनेक असतात. अशा वेळी हाताशी असलेला सर्वांत जवळचा उपाय म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

या तरतुदीचे सामर्थ्य मध्य प्रदेशातील रतलाम शहराने देशाला दाखवून दिले. तेथील एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे, सांडपाणी आणि दुर्गंधी यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला ठरावीक मुदतीत उपाययोजना करण्यास सांगितले. सत्र न्यायालयाने तो आदेश रद्द केला, उच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. आमच्याकडे पैसा नाही, हा तिचा मुख्य बचाव होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी २९ जुलै १९८० रोजी दिलेल्या निकालात हा बचाव फेटाळला गेला. स्वच्छता राखणे हे कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य असून तिजोरी रिकामी आहे या सबबीवर ते टाळता येणार नाही, असे त्यात ठरले. या निकालाचे मर्म प्रत्येक नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. या लढ्याची सुरुवात दिल्लीत झाली नव्हती. ती स्थानिक दंडाधिकाऱ्यांपुढे झाली होती.

नदीतील वाळूचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. वाळू हे गौण खनिज आहे. नदीपात्रातील वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि ते हळूहळू आसपासच्या भूगर्भात मुरते. हा थर मर्यादेबाहेर काढला गेला की पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि विहिरींची पातळी खाली जाते. म्हणूनच दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी आदेश दिला, की पाच हेक्टरहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक राहील. लहान लहान तुकडे पाडून कायद्यातून निसटण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

अनधिकृत उपसा आढळल्यास तहसीलदारांना महसूल संहितेच्या कलम ४८ खाली खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याचा आणि वाहन जप्त करण्याचा अधिकार आहे. नदीपात्रातून चोरटी वाळू नेणे ही चोरीही ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. म्हणजे पोलिसांचे दारही उघडे आहे. परंतु दंड झाला म्हणून नदीचे पात्र भरून येत नाही. झालेली हानी भरून काढण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे.

२०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुणे येथे आहे. न्यायिक सदस्याबरोबर तेथे त्या विषयातील तज्ज्ञ सदस्यही बसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या काटेकोर चौकटीऐवजी नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळून काम चालते. शाश्वत विकास, आधीच सावधगिरी आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करणे, या तीन तत्त्वांवर निर्णय देणे त्याला बंधनकारक आहे. वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. भरपाई आणि पर्यावरणाची पूर्वस्थिती यांसाठीच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे. निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होते. मुंबईतील कचराभूमीच्या प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलात, हे न्यायाधिकरण स्वतःहूनही एखाद्या प्रश्नाची दखल घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी ठरविले.

येथेही मर्यादा आहे. दोन शेजाऱ्यांतील सांडपाण्याचे भांडण या न्यायाधिकरणापुढे चालणार नाही. समाजाला व्यापक प्रमाणात बाधा पोहोचविणारा, पर्यावरणाचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे आणि तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील जल, वायू, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण आदी अधिनियमांशी निगडित असला पाहिजे.

न्यायाधिकरणे आली म्हणून उच्च न्यायालयाचा अधिकार मात्र लोपलेला नाही. त्यांच्या निर्णयांवर उच्च न्यायालयाची देखरेख हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार प्रकरणात ठरले. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांसाठी हे उच्च न्यायालय म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ होय.

पुरावा : एका गिरणीचा धडा

न्यायाधिकरणाचे कामकाज सुटसुटीत असते, याचा अर्थ तेथे पुराव्याची गरज नसते असा कोणी करू नये. या संदर्भातील एक महत्त्वाचा निर्णय खानदेशाच्याच भूमीतून उगवलेला आहे. जळगावची खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स कंपनी आणि तेथील राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांच्यातील बोनसचा वाद १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. त्या काळी नफ्यातून काही रकमा प्रथम वजा करून, मग उरलेल्या शिलकेतून बोनस ठरविण्याची पद्धत होती. राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरला असेल, तर त्यावरील परतावा अशा वजावटीत धरला जाई. साहजिकच वजावट वाढली की कामगाराचा वाटा घटत असे.

राखीव निधी तसा वापरला गेला हे कशावरून? ताळेबंदावरून, असे मालकपक्ष म्हणे. न्यायालयाने सांगितले, की ताळेबंद एवढ्यानेच ही गोष्ट सिद्ध होत नाही. मालकाने ती शपथपत्राने किंवा अन्य पुराव्याने शाबीत केली पाहिजे आणि उलटतपासणी करून ती खोडून काढण्याची संधी कामगारांना मिळाली पाहिजे. छापील कागद आणि सिद्ध झालेली वस्तुस्थिती यांतील हे अंतर आजही प्रत्येक तंट्यात निर्णायक ठरते.

वाळूच्या उदाहरणाला हा धडा लावून पाहावा. ‘नदी लुटली जात आहे’ हे वाक्य ग्रामसभेत टाळ्या घेईल. न्यायाधिकरणात ते पुरेसे ठरणार नाही. तेथे लागेल तो दिनांक घातलेला पंचनामा, खड्ड्यांची मोजमापे, गट क्रमांक, छायाचित्रे, विहिरींच्या पाणीपातळीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यातील नोंदी आणि ग्रामसभेचा ठराव. घाईने, मोघम शब्दांत आणि पंचांना जागेवर न नेता केलेला पंचनामा हा नसल्यासारखाच असतो. अधिकाऱ्याच्या लेखणीतील ढिलाईची किंमत शेवटी गावाला मोजावी लागते.

तडजोडीची जागा

सर्वच तंटे निकालापर्यंत नेणे हिताचे नसते. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि लोकअदालतीला कायद्याचे अधिष्ठान लाभले. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असून त्यावर अपील नसते. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करता येतो. शेतरस्ता, वाटणी, उधारी अशा तंट्यांत, जेथे उभय पक्षांना पुढेही शेजारी म्हणूनच नांदावयाचे असते, तेथे तडजोडीसारखा उपाय नाही.

परंतु तडजोडीची एक सीमा सांगितलीच पाहिजे. आपला हक्क आपण सोडू शकतो; गावाचा सोडू शकत नाही. वाळू उपसणाऱ्याने नदीकाठच्या चार शेतकऱ्यांना रक्कम दिली आणि त्यांनी तक्रार मागे घेतली, म्हणून नदीची हानी मिटली असे होत नाही. जेथे पाणी, हवा आणि येणाऱ्या पिढ्या पक्षकार आहेत, तेथे त्यांच्या वतीने पैसे घेऊन सही करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

गावाने काय करावे?

प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधा तक्ता आपल्या कार्यालयात लावल्यास पुष्कळ काम होईल. त्यात तंट्याचा प्रकार, दाद मागण्याचे ठिकाण, मुदत आणि लागणारी कागदपत्रे एवढेच चार रकाने असावेत. रस्ता अडविल्यास सहा महिने, खाजगी शाळेतील बडतर्फीस तीस दिवस, ग्राहक तक्रारीस दोन वर्षे, पर्यावरणाच्या वादास सहा महिने, हे आकडे भिंतीवर दिसत राहिले तर अनेकांची संभाव्य हानी टळेल. तक्त्याच्या शेजारी विहिरींच्या पाणीपातळीची नोंदवही असावी आणि तिच्यात नोंदी करण्याचे काम शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी गुरुजींच्या देखरेखीखाली करावे. आज सहज केलेली नोंद उद्या गावाचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार ठरू शकते.

अधिकाऱ्यांनीही आपल्या कक्षेबाहेरचा अर्ज आला असता तो नुसता दप्तरी न लावता, योग्य ठिकाण कोणते आणि मुदत किती, हे अर्जदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे. यासाठी नव्या कायद्याची किंवा वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. ज्याची तक्रार खरी आहे, तो केवळ दार चुकल्यामुळे रिकाम्या हाताने परत जाऊ नये, एवढी दक्षता तालुक्यातील प्रत्येक कचेरीला घेता येण्यासारखी आहे.